ट्राउटसाठी फ्लाय फिशिंग : तीर्थन खोऱ्यात पहिल्यांदा रॉड घेऊन जाणाऱ्यांसाठी

फ्लाय फिशिंगचे व्हिडिओ पाहून नवशिक्याच्या डोक्यात एकच चित्र पक्कं बसतं : हवेत लांबलचक वळणं घेत जाणारी दोर आणि थेट पलीकडच्या काठाला पडणारी माशी (म्हणजे फ्लाय, गळावर केलेला नकली किडा). मग तो हिमाचलला पोचतो, गुडघाभर पाण्यात उभा राहतो आणि दिवसभर लांब फेकण्याचा अट्टहास करतो. ट्राउट मात्र त्याच्यापासून चार-पाच मीटरवरच्या एका दगडाच्या आडोशाला असतो, आणि हा पाण्यात धप्पकन उतरला तेव्हाच सटकलेला असतो.

आपल्याकडच्या डोंगरी नद्यांत ट्राउट पकडायला सहा-सात मीटरच्या पलीकडे फेकावं लागत नाही. फेकणं जुजबी आलं तरी भागतं. माशी पाण्यावर पडल्यावर ती मोकळी, ओढ न लागता कशी वाहील, आणि तोवर माशाला आपली चाहूल कशी लागणार नाही, या दोन गोष्टींत सगळा खेळ आहे. पुढचं सगळं याच हिशेबाने लिहिलं आहे. ज्यांना स्पर्धेतलं लांब पल्ल्याचं कास्टिंग शिकायचं आहे त्यांना याचा फार उपयोग नाही.

नेहमीच्या गरवण्यापेक्षा वेगळं काय

कोकणात किंवा धरणावर आपण गरवतो तेव्हा शिसं जड असतं. ते पुढे जातं आणि तंगूस (नायलॉनचा बारीक दोरा) त्याच्यामागे ओढला जातो. फ्लाय म्हणजे गळाला पिसं, केस, दोरा गुंडाळून केलेला नकली किडा. त्याला वजनच नसतं, त्यामुळे तो फेकताच येत नाही. म्हणून इथे वजन दोरीत घातलेलं असतं. जाड, प्लास्टिकचं आवरण असलेली फ्लाय लाइन आपण हवेत उलगडतो आणि तिच्या टोकाला बांधलेला किडा फुकट प्रवास करतो. रॉड, रील, गाठी, हाताची हालचाल हे सगळं या एका फरकातून आलं आहे. स्पिनिंगची, म्हणजे जड नकली आमिष फेकून रीलने ओढून घ्यायची, सवय असलेल्या माणसाला सुरुवातीला उलट जास्त त्रास होतो, कारण त्याचा हात झटका द्यायला शिकलेला असतो.

कुठे आणि कधी

ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. पाणी साधारण १० ते १६ अंश सेल्सिअस असलं की तो खूश असतो. २० च्या वर गेलं की त्याला धाप लागते. त्यामुळे महाराष्ट्रात तो नाही आणि होणारही नाही. भारतात तो मूळचाही नाही. इंग्रज साहेबांनी आपल्या हौसेसाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तपकिरी ट्राउटची अंडी मायदेशाहून काश्मीरला आणली आणि तिथून पुढे हा मासा कुलूकडे आला. निलगिरी आणि मुन्नारच्या थंड डोंगरांतही त्यांनी ट्राउट रुजवला. आज काश्मीरमध्ये लिद्दर, ब्रिंगी, सिंध या नद्या आणि हिमाचलमध्ये तीर्थन, सैंज, बरोटची ऊहल ही नावं मासेमारांच्या तोंडी असतात.

पहिल्या खेपेला मी तीर्थन सुचवेन. काश्मीरची पाणी अधिक देखणी आहेत, तिथे नदीचे ठरावीक तुकडे पाडलेले असतात आणि त्या-त्या तुकड्याचा परवाना घ्यावा लागतो. शिस्त चांगली आहे, पण नियोजन जास्त लागतं. तीर्थनला हे सोपं जातं. दिल्लीहून मनालीला जाणारी रात्रीची बस पकडायची, औटला उतरायचं, तिथून लारजीमार्गे बंजारचा रस्ता धरायचा. बंजार, नगिनी, गुशैणी या पट्ट्यात रस्ता बराचसा नदीला धरूनच जातो आणि बहुतेक होमस्टे काठावरच आहेत. वर ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क आहे. २०१४ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पार्कच्या हद्दीत जायचं तर वनखात्याचा वेगळा परवाना लागतो, पण पहिल्या खेपेला तितकं वर जायची गरज नाही.

हिमाचलमध्ये १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते. तो त्यांच्या विणीचा काळ. राहिलेल्या आठ महिन्यांतलेही सगळे सारखे नसतात. मार्च-एप्रिलमध्ये पाणी थंड, स्वच्छ आणि आवाक्यातलं असतं. मेपासून वरचा बर्फ वितळायला लागतो, नदी भरते, दुपारनंतर तर जास्तच. जुलै-ऑगस्ट पावसाचे, नदी गढूळ, दरडींचा धोका, त्या काळात जाऊच नये. सप्टेंबरच्या मध्यानंतर पाणी निवळतं आणि ऑक्टोबरअखेरपर्यंतचे दिवस नवशिक्यासाठी सर्वांत चांगले. आपली मंडळी दिवाळीच्या सुट्टीत जातात आणि कित्येकदा नेमकी बंदीच्या तारखेला धडकतात. तिकिटं काढण्याआधी कॅलेंडर बघा.

परवाना रोजचा, माणशी आणि रॉडमागे मिळतो. मत्स्य विभागाच्या स्थानिक कर्मचाऱ्याकडून तो घ्यायचा. होमस्टेवाले बहुधा व्यवस्था करून देतात. शुल्क फार नसतं. किती मासे ठेवता येतात, किमान लांबी किती, हे त्या वेळी विचारून घ्या आणि परवान्याचा कागद खिशातच ठेवा. नदीवर राखणदार फिरतात आणि विचारतात. “गाइडकडे आहे” हे उत्तर चालत नाही.

सामान

इथे पैसे उधळायची खूप सोय आहे, म्हणून आधी नेमकं काय लागतं ते सांगतो.

रॉड ९ फुटी, ५ नंबरचा, चार तुकड्यांचा. हा नंबर म्हणजे रॉड किती वजनाची लाइन पेलतो त्याचा आकडा. लहान ओढ्यांसाठी ४ नंबर गोड वाटतो, पण वारा असला आणि माशी जरा जड असली की ५ नंबर हाताला सोपा. चार तुकड्यांचा रॉड सुटा केला की एकेक तुकडा जेमतेम ७० सेंटिमीटरचा होतो, बॅगेत जातो. विमानात गळ आणि पक्कड चेक-इन सामानातच टाका.

लाइन ‘वेट फॉरवर्ड’ (पुढच्या टोकाकडे वजन असलेली), तरंगणारी, ५ नंबरचीच. डब्यावर डब्ल्यूएफ-५-एफ असं लिहिलेलं असतं. खर्च करायचाच असेल तर तो रॉडवर नको, लाइनवर करा. स्वस्त रॉडवर चांगली लाइन सुरेख चालते. महागड्या रॉडवर टाकाऊ लाइन दगड फेकल्यासारखी पडते. रील मात्र साधीच घ्या. तीर्थनच्या ट्राउटसाठी रील म्हणजे लाइन गुंडाळून ठेवायची जागा, बस्स.

लाइनच्या पुढे लीडर : ९ फुटांचा, टोकाकडे निमुळता होत जाणारा नायलॉनचा तुकडा. त्याच्या पुढे दोनेक फूट टिपेट, म्हणजे आणखी बारीक तंगूस. जाडी ‘एक्स’मध्ये मोजतात आणि आकडा वाढला की तंगूस बारीक होतो. ४ एक्स साधारण ०.१८ मिलिमीटर, ५ एक्स ०.१५. हीच दोन रिळं घ्या. ६ एक्सच्या फंदात पडू नका. इथल्या दगडांवर ते घासून तुटतं आणि माशाच्या तोंडात गळ राहतो.

माश्या पाच प्रकारच्या पुरतात. पाण्यावर तरंगणाऱ्या दोन : पॅराशूट ॲडम्स आणि एल्क हेअर कॅडिस. पाण्याखालच्या दोन : डोक्याला मणी असलेल्या फेझंट टेल आणि हेअर्स इअर. आणि एक काळी किंवा ऑलिव्ह रंगाची वुली बगर, जी कशाचीच नक्कल नसते आणि सगळ्यांसारखी थोडी दिसते. पहिल्या चार १२ ते १६ नंबरच्या गळावर (इथेही आकडा मोठा तितका गळ लहान), बगर ८ किंवा १० वर. प्रत्येकी निदान चार-पाच हव्यात, कारण झाडं आणि दगड तुमच्याकडून जकात घेणारच.

बाकी : पोलराइज्ड गॉगल (पाण्यावरची चकाकी जाऊन तळ दिसतो, आणि डोळ्यात गळ जात नाही), टोपी, तंगूस कापायला नेलकटर, गळ काढायची छोटी वाकडी पक्कड, रबरी जाळीचं लहान नेट. वेडर्स म्हणजे छातीपर्यंतचा जलरोधक पोशाख. पहिल्या खेपेला विकत घेऊ नका. ऑक्टोबरात पटकन वाळणारी पँट, लोकरीचे मोजे आणि घट्ट बूट घालून काठाकाठाने मासेमारी होते. पाणी बर्फाचं असतं, पाय बधिर होतात, पण त्यामुळे आपोआप खोलात जायचा मोहही होत नाही.

हे सगळं आपल्याकडे दुकानात सहज मिळत नाही. ऑनलाइन मिळतं, किंवा अमेरिकेहून सुट्टीला येणाऱ्या भाच्याला सांगावं लागतं. तिकडे रॉड, रील, लाइन बसवलेले नवशिक्यांचे संच १०० ते २०० डॉलरच्या दरम्यान मिळतात आणि ते चांगले असतात. तुम्हीच तिकडे मुलांकडे जाणार असाल तर तिथेही शिकता येईल. फक्त प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा असतो, आणि यलोस्टोनसारख्या राष्ट्रीय उद्यानात राज्याचा परवाना चालत नाही, उद्यानाचा स्वतःचा घ्यावा लागतो.

गाठी

दोनच पुरतात. रीलला बॅकिंग (लाइनच्या मागचा जादा दोरा) आणि लाइन दुकानदाराकडूनच चढवून घ्या. लाइन आणि लीडर यांना हल्ली फासे केलेलेच येतात. एकात एक अडकवायचे. राहतं ते लीडरला टिपेट जोडणं आणि टिपेटला माशी बांधणं.

लीडर-टिपेटसाठी सर्जन्स गाठ : दोन्ही टोकं एकमेकांवर १५ सेंटिमीटर ठेवायची, दोन्ही मिळून एक सैल फास करायचा, त्यातून ती जोडी दोनदा (बारीक तंगूस असेल तर तीनदा) काढायची आणि चारही टोकं ओढायची. माशीसाठी क्लिंच गाठ : टोक गळाच्या डोळ्यातून काढायचं, उभ्या तंगुसाभोवती पाच वेढे द्यायचे, टोक डोळ्याजवळच्या पहिल्या फटीतून घालायचं, मग नव्याने तयार झालेल्या मोठ्या फासातून परत घ्यायचं. आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करा. कोरडी गाठ आवळताना तंगूस घासून तापतो आणि तिथेच कमजोर होतो. मासा लागल्यावर टिपेट तुटलं आणि टोक डुकराच्या शेपटीसारखं कुरळं आलं, तर गाठ सुटली आहे, तंगूस तुटलेला नाही.

घरी टीव्हीपुढे बसून या गाठी बांधायची सवय करा, मग दिवा मंद करून. नदीवर बोटं थंडीने आखडलेली असतात आणि संध्याकाळच्या उजेडात १६ नंबरच्या गळाचा डोळा दिसत नाही. चाळिशी लागलेल्यांनी वाचायचा चष्मा दोरीला अडकवून गळ्यातच ठेवावा.

मैदानावरचा सराव

हा टप्पा गाळू नका. जवळपास शाळेचं मैदान किंवा सोसायटीचं लॉन बघा. माशीच्या जागी लाल लोकरीचा बोटभर तुकडा बांधा. गच्चीवर किंवा डांबरावर करू नका. लाइनचं आवरण खरवडतं. वॉचमन येऊन “साहेब, हे काय?” असं विचारणार, मुलं जमा होणार, त्यांना मागच्या बाजूला उभं राहू देऊ नका.

रॉड धरताना अंगठा वरच्या बाजूला. टोकाबाहेर साधारण सहा मीटर लाइन गवतावर सरळ पसरलेली हवी. रॉडचं टोक जमिनीजवळ आणा, ढिली लाइन दुसऱ्या हाताने ओढून ताठ करा. आता रॉड हळू सुरुवात करून वेग वाढवत उचला आणि कानाशेजारी येताच झटकन थांबवा. घड्याळाच्या भाषेत, तुमच्या समोर नऊ वाजले आणि डोक्यावर बारा असं धरलं, तर साधारण एक वाजता थांबायचं. आणि आता काहीच करायचं नाही. मागे लाइन उलगडून सरळ होईपर्यंत वाट बघायची. मान वळवून बघा, कोणी हसत नाही. ती सरळ झाली की तसाच वेग वाढवत पुढे आणायचं, दहाच्या आसपास थांबवायचं, लाइन समोर उलगडली की टोक हळूच खाली आणायचं.

चुका ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. चाबकासारखा ‘टक्’ आवाज आला, तर मागे थांबला नाहीत. असं दोन-चारदा झालं की माशी तुटून जाते. लाइन मागे गवताला लागते, तर रॉड फार मागे पडतोय, म्हणजे मनगट मोडतंय. शर्टाच्या बाहीत रॉडची मूठ खोचून बघा, मनगट आपोआप ताठ राहतं. टिपेटला आपोआप गाठी पडतात, तर सुरुवातीलाच झटका देताय. दोर समोर ढिगासारखी पडते, तर पुढे थांबतच नाही आहात.

हे थोडं जमलं की सहा मीटरवर जेवणाचं ताट ठेवा आणि लोकर त्यात पडेपर्यंत फेका. अंतर वाढवू नका. अर्धा-पाऊण तास रोज, दोन आठवडे, एवढं पुरतं.

तीर्थनच्या काठाला मागे झाडी असते. लाइन मागे टाकायला जागाच मिळत नाही. त्यासाठी रोल कास्ट शिकावा लागतो आणि तो पाण्यावरच शिकता येतो, कारण पाण्याने लाइन धरून ठेवणं गरजेचं असतं. पाण्यावर पडलेली लाइन हळूहळू स्वतःकडे ओढत रॉड कानामागे न्यायचा, थांबायचं, रॉडच्या टोकापासून मागे पोट सुटल्यासारखी लाइन लोंबली की पुढे फेकून थांबवायचं. दोर पाण्यावर चाकासारखी गडगडत जाते. गावातल्या तळ्यात चिलापी असतील तर तिथेच सराव होईल. चिलापी लहान मणीवाली माशी आवडीने घेतो. फक्त तलाव-धरणांची मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने दिलेली असते, त्यांना विचारून जा.

नदीवर गेल्यावर

रॉड जोडायची घाई नको. आधी काठाजवळच्या पाण्यातले चार-दोन दगड उलटून बघा. खालच्या बाजूला चिकटलेले, चपटे, शेपटीला दोन-तीन केस असलेले किडे दिसतील. त्या मेफ्लाय आणि स्टोनफ्लायच्या अळ्या. वाळूच्या कणांची नळी करून आत राहणारी ती कॅडिसची अळी. ट्राउट बहुतेक वेळ हेच खातो, तळाशी. म्हणून पाण्यावर कोणी मासा उसळताना दिसत नसेल तर तरंगणाऱ्या माशीवर वेळ घालवू नका, मण्याची फेझंट टेल बांधा. दगडाखाली दिसलेल्या किड्याच्या आकाराशी तुमची माशी जुळली पाहिजे. रंग थोडा इकडेतिकडे झाला तरी चालतो. दगड होता तसा परत ठेवा.

मग पाणी वाचायचं. ट्राउट नेहमी प्रवाहाकडे तोंड करून असतो आणि त्याचा हिशेब रोख असतो : कमीत कमी पोहून जास्तीत जास्त खाणं. म्हणजे जोराचा ओघ जवळून अन्न आणतो आणि स्वतः उभा राहतो ती जागा मात्र संथ, अशी सीमा. मोठ्या दगडाच्या मागे फेस गोल फिरतो त्याच्या दोन्ही कडा. दगडाच्या पुढची छोटी उशीसारखी संथ जागा, जी लोक विसरतात. खळाळ संपून डोह सुरू होतो ती उतरंड. काठाखाली पाण्याने पोखरलेली सावली. पाण्यावर फेसाची रेघ वाहताना दिसली तर किडेही त्याच रेघेवरून वाहतात. डोहाचा मधला खोल, निळा भाग फोटोला छान असतो. दुपारी तिथे फार वेळ घालवू नका.

एक लक्षात ठेवा, इथे पूर आला की नदी आपली मांडणी बदलते. जुलै २०२३ च्या पुरांनी कुलू जिल्ह्यात रस्ते आणि काठ खरवडून नेले. कोणी जुन्या डोहांच्या खुणा सांगत असेल तर ऐका, पण स्वतः बघून ठरवा.

जायचं ते खालून वर, माशाच्या पाठीमागून. पाण्यातून बाहेरचं जग माशाला डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं, आणि पाण्याच्या पातळीपासून साधारण १० अंशांच्या खाली जे असेल ते त्याला जवळजवळ दिसत नाही. सहा मीटर अंतरावर याचा अर्थ एक मीटर उंची. उभे राहिलात तर दिसाल. गुडघ्यावर बसलात तर बहुधा नाही. म्हणून दगडाआडून, बसून, सावली पाण्यावर पडू न देता. दगडावर दगड वाजला की त्याला आवाज कळतो, पण काठावरच्या गप्पा त्याच्यापर्यंत फारशा पोचत नाहीत. तेव्हा जोडीदाराशी बोला खुशाल, पण पाय आपटू नका. पाण्यात उतरण्याआधी काठालगतच्या पाण्यात दोन-तीनदा माशी टाका. तिथेही ट्राउट असतो.

आता मुख्य गोष्ट. माशी वर, प्रवाहाच्या उलट दिशेला टाकायची आणि ती पाण्याच्याच वेगाने, स्वतंत्र किडा असल्यासारखी खाली वाहत यायला हवी. अडचण अशी की तुमच्यापासून माशीपर्यंत तीन वेगवेगळ्या वेगांचे ओघ असतात. मधला वेगवान ओघ लाइनला पोट पाडून पुढे नेतो आणि लाइन माशीला ओढायला लागते. तरंगणारी माशी अशी ओढली गेली की तिच्यामागे इंग्रजी व्ही आकाराची रेघ उमटते. ती रेघ दिसली की समजा, मासा आता घेणार नाही.

उपाय दोन. एक, लाइन पाण्यावर पडताच रॉडच्या टोकाने तिचं पोट उचलून वरच्या बाजूला टाकायचं. याला मेंडिंग म्हणतात. दुसरा उपाय आपल्या नद्यांना जास्त लागू पडतो : लाइन पाण्यावर ठेवायचीच नाही. जवळ जा, रॉडच्या टोकाबाहेर लीडर आणि फक्त हातभर लाइन काढा, माशी वरच्या बाजूला हलकेच झोकून टाका, आणि रॉड उंच धरून तिच्या बरोबरीने टोक खाली न्या. पाण्याला स्पर्श फक्त टिपेटचा. ९ फुटी रॉड, ९ फुटी लीडर आणि तुमचा हात मिळून सहा-सात मीटरच्या आत सगळं येतं. तीर्थनमध्ये दगडांमधल्या डबक्यांतून एकेक मीटरचे असे छोटे प्रवाह घ्यायचे, प्रत्येकी तीन-चार वेळा, आणि पुढे सरकायचं. एकाच जागी तासभर उभं राहण्यापेक्षा दोनशे मीटर चालत मासेमारी केलेली बरी.

पाण्याखालच्या माशीवर घास कळत नाही, ही नवशिक्याची नेहमीची तक्रार. लीडरला, पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर, लोकरीचा किंवा फोमचा छोटा सूचक लावा. तो थांबला, बुडाला, तिरका झाला, किंवा फेसापेक्षा हळू वाहायला लागला की रॉडचं टोक उचला. झटका नको, मनगटभर उचल पुरते. दहातल्या आठ वेळा दगड असेल. दगड अजिबातच लागत नसेल तर तुमची माशी तळापर्यंत जात नाही. जरा जड माशी बांधा.

मासा लागल्यावर

रॉड उंच ठेवा, लाइन बोटाखाली दाबलेली, पण मासा धावला तर सुटू द्या. तो दगडाखाली जायला लागला की रॉड आडवा करून बाजूने ओढा. वर ओढण्यापेक्षा त्याने तो लवकर वळतो. उगाच खेळवत बसू नका, दमलेला ट्राउट सोडल्यावरही मरतो.

गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच, माशी बांधतानाच, पकडीने दाबून सपाट केलेला असू द्या. तुमच्याच कानात घुसला तरी सहज निघतो. नेट पाण्यात बुडवून मासा त्यावर आणा. हात ओले करा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. गळ काढा. तपकिरी ट्राउट असेल तर अंगावर लाल ठिपके आणि भोवती फिकट कडी दिसेल. रेनबो असेल तर कडेला गुलाबी पट्टा आणि शेपटीवर काळे ठिपके. फोटो हवा असेल तर जोडीदार कॅमेरा घेऊन तयार होईपर्यंत मासा पाण्यातच राहू द्या. सोडताना प्रवाहाकडे तोंड करून हलकेच धरा. तो स्वतःहून निघून जाईल.

खालच्या पट्ट्यात कधी लांबट, बारीक खवल्यांचा, ठिपके नसलेला मासा लागेल. त्याचं नाव ‘असला’, इंग्रजीत स्नो ट्राउट म्हणतात तो. नावापुरता ट्राउट, खरं तर आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला, आणि इथला मूळ रहिवासी तोच. त्याला तर नक्की सोडा.

जिवाची काळजी

बर्फाचं पाणी दुपारनंतर वाढतं. सकाळी ज्या दगडावरून ओलांडलात तो चार वाजता पाण्याखाली असू शकतो. पाणी गढूळ व्हायला लागलं, काड्या-पानं वाहताना दिसली की आधी बाहेर पडा, मासा गेला खड्ड्यात. गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका, ओलांडताना काठी आणि जोडीदार हवाच. पडलातच तर उभं राहायची धडपड करू नका. पाय प्रवाहाच्या दिशेला करून पाठीवर तरंगत काठाकडे सरका. वेडर्स घातले असतील तर कमरेचा पट्टा घट्ट हवा.

धरणाच्या खाली मासेमारी नकोच. तीर्थन जिथे बियासला मिळते त्या लारजीजवळच धरण आहे. ८ जून २०१४ ला तिथून सोडलेल्या पाण्यात, थलौटजवळ बियासच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ अभियांत्रिकी विद्यार्थी वाहून गेले. पात्र कोरडं दिसतं म्हणून कोणी खाली उतरायला सांगितलं तर ऐकू नका.

पहिले एक-दोन दिवस स्थानिक गाइड घ्या. बरेच जण स्पिनरने मासे पकडतात आणि तुमच्या माशीकडे बघून हसतील. कुठे उभं राहायचं, कुठे ओलांडायचं हे त्यांना तुमच्या कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त कळतं. आधीच सांगून ठेवा की मला फ्लायनेच करायचं आहे, मासे नाही मिळाले तरी चालेल. नाहीतर तुम्ही खट्टू होऊ नये म्हणून तो प्रेमाने तुमच्या हातात स्पिनिंग रॉड देतो.

ट्राउट खायचा असेल तर नदीतल्याच्या मागे लागू नका. खोऱ्यात ट्राउटची शेततळी आहेत, वाहत्या पाण्याच्या सिमेंटच्या हौदांत रेनबो वाढवतात. तिथून ताजा घ्या आणि होमस्टेच्या चुलीवर मोहरीच्या तेलात भाजून घ्या. काटे कमी, मांस मऊ. हळद-मीठ लावून ठेवायचं ते जास्तीत जास्त पंधरा मिनिटं, आमसुलाचं आगळ बरोबर नेलं असेल तर दोन थेंब. रात्री झोपण्यापूर्वी रॉडचे तुकडे सुटे करून पुसा, माश्या डब्याचं झाकण उघडं ठेवून वाळवा. ओल्या राहिल्या तर सकाळपर्यंत गळ गंजायला लागतात.